आधी पाणी, मग समुद्रफूल

अकराव्या दिवशी पहाटे हॉलमध्ये कुजलेल्या कोळंबीसारखा वास आला आणि दिवा लावण्याआधीच मला कळलं. टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं. खडकाच्या पायथ्याशी पांढरट चिखलाचा गोळा पडला होता आणि दोन्ही क्लाउनफिश वरच्या कोपऱ्यात धापा टाकत होते. मी हौसेनं आणलेलं पहिलं समुद्रफूल मेलं होतं. रात्रीपर्यंत दोनातला एक मासाही गेला.

ही 2019 च्या जानेवारीतली गोष्ट. त्याच टाकीत, चिंचवडच्या त्याच घरात, आज एक समुद्रफूल सुखानं नांदतं आहे. त्याचे तुकडे आता इतरांच्या टाक्यांतही वाढताहेत. घरी येणारा प्रत्येक नवा शौकीन विचारतो, "ताई, पहिलं ॲनिमोन कोणतं घेऊ?" जातीचं नाव सांगायला दोन शब्द पुरतात. पण तेवढंच सांगितलं तर त्याच्या घरीही अकरावा दिवस उगवेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

फूल नव्हे, प्राणी

समुद्रफूल, समुद्रपुष्प, सी ॲनिमोन. नावात फूल असलं तरी हा प्राणी आहे, प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या गोत्रातला. खाली चिकटून बसायला एक मांसल पाय, वर एक चकती, चकतीच्या मधोमध तोंड आणि भोवती बोटांसारखे शुंडक. अन्न ज्या वाटेनं आत जातं त्याच वाटेनं उष्टंही बाहेर येतं. मेंदू नाही, डोळे नाहीत. शुंडकांवर लाखो डंखपेशी असतात. प्रत्येकीत गुंडाळलेला सूक्ष्म भाला असतो आणि स्पर्श होताच तो सुटतो. निरोगी ॲनिमोनला बोट लावलं की ते चिकट लागतं, तो चिकटपणा या भाल्यांचा.

क्लाउनफिश ज्यांच्यात घर करतात त्या ॲनिमोनच्या जगात दहाच जाती आहेत. त्यांच्या पेशींत अगदी बारीक शेवाळ राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतं. ॲनिमोनचा तपकिरी, हिरवट रंग बराचसा या शेवाळाचा असतो. पाणी तापलं, उजेड कमी पडला किंवा प्रवासात हाल झाले की शेवाळ बाहेर फेकलं जातं आणि ॲनिमोन पांढरं पडतं. समुद्र तापल्यावर प्रवाळ पांढरे पडतात तोच हा प्रकार.

मी आणलेलं ॲनिमोन पांढरंशुभ्र होतं, टोकांना जांभळी छटा असलेलं. मुंबईच्या एका दुकानात सगळ्यात सुंदर तेच दिसलं. ते उपाशी आहे हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

स्टँडर्ड रूमचा धडा

मी भोसरीतल्या एका कारखान्यात स्टँडर्ड रूम सांभाळते. शॉपवर जी मायक्रोमीटर, व्हर्नियर, गेज वापरली जातात ती खरं माप दाखवतात की नाही, हे तपासायची ही खोली. तिचं तापमान वर्षभर 20 अंश ठेवावं लागतं, कारण लोखंड उष्णतेनं वाढतं आणि माप बदलतं. खोलीतला एसी दिवाळीलाही बंद होत नाही. मापाचं उपकरण स्वतः तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

घरच्या टाकीला तो नियम मी लावला नव्हता. पाण्याचा खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो. समुद्रात एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि विशिष्ट घनता 1.025 ते 1.026 भरते. मी ते उपकरण साध्या आरओ पाण्यावर शून्याला लावलं होतं. शून्य बरोबर होतं, पण 35 ला ते चुकत होतं. ॲनिमोन मेल्यावर 35 चं प्रमाणित द्रावण मागवून ताडून पाहिलं तेव्हा कळलं, की 1.025 समजून मी त्याला 1.021 च्या पाण्यात ठेवलं होतं. नवशिक्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं. प्रमाणित द्रावणाची छोटी बाटली ॲनिमोनच्या आधी आणा.

दुसरी चूक घाईची. टाकी मांडून जेमतेम सात आठवडे झाले होते. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायलाच चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यानं मासा जगतो. ॲनिमोनला त्याहून जुनं, मुरलेलं पाणी लागतं. टाकी किमान सहा महिन्यांची हवी, वर्षाची असेल तर उत्तम.

नऊ महिन्यांची वही

त्यानंतर मी ॲनिमोन आणायचा विचार बाजूला ठेवला आणि शंभर पानी वही केली. रोज सकाळी तापमान आणि खारटपणा, दर रविवारी क्षारता (अल्कलिनिटी), नायट्रेट आणि पीएच. कारखान्यात आम्ही कंट्रोल चार्ट काढतो तसाच पाण्याचा काढला. एखाद्या दिवशीचा आकडा चांगला आला यावर मी खूश होत नाही. आकडा किती हलतो ते बघते. वहीतून जे दिसलं ते इथे, घाटावर टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

पहिलं, पाण्याची वाफ. माझी टाकी अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे दीडशे लिटरची. रोज दोन लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. दोन दिवस भर घातली नाही की खारटपणा चढतो. भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. पुढे मी तरंगत्या स्विचवर चालणारा छोटा पंप बसवला. तो थेंबाथेंबानं भर घालतो आणि ती रेघ सरळ झाली.

दुसरं, पाण्याचा उगम. आपल्याकडे पवनेचं पाणी रावेतला उचललं जातं, निगडीच्या सेक्टर 23 मध्ये शुद्ध होतं आणि क्लोरिनसह घरी येतं. आपल्याला पिण्यासाठी ते चांगलं, ॲनिमोनसाठी नाही. आरओच्या पुढे डीआय नावाची आणखी एक नळी लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणावा लागतो. 2019 च्या नोव्हेंबरपासून महापालिकेनं दिवसाआड पाणी सुरू केलं, तेव्हापासून मी शुद्ध पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन कायम भरलेले ठेवते. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि कुंड्यांना जातं. पाण्याचा प्रश्न असलेल्या शहरात हा छंद करायचा तर एवढं पाळलंच पाहिजे. दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलते. त्यात सुमारे साडेपाचशे ग्रॅम सागरी मीठ लागतं. हे मीठ विकत मिळतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमसकट समुद्रातले क्षार असतात. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही.

तिसरं, उन्हाळा. 2019 च्या मे महिन्यात टाकीचं पाणी 31 अंशांवर गेलं. ॲनिमोनला 24 ते 27 मानवतं. पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा लावला, पाणी तीन अंश उतरलं, पण वाफ दुप्पट झाली. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याआधी चिलर घेतला. खर्च मोठा आहे. तो झेपणार नसेल तर मार्चच्या तोंडावर ॲनिमोन आणू नका.

चौथं, गुरुवार. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते आणि महावितरणची दुरुस्तीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. वीज गेली की पाण्याचं खेळतं राहणं थांबतं आणि प्राणवायू उतरतो. टाकीचा एक प्रवाहपंप इन्व्हर्टरवर घ्या आणि बॅटरीवरचा एअरपंप हाताशी ठेवा.

नऊ महिन्यांनी वहीतल्या रेघा सपाट झाल्या. खारटपणा 1.025 ते 1.026, तापमान 25 ते 27, क्षारता 8 ते 9, नायट्रेट 5 ते 10. नायट्रेट अगदी शून्यावर आणायचा अट्टहास करू नका, ॲनिमोनला थोडं पोषण लागतं. हे आकडे आठवडेच्या आठवडे न हलता राहिले तेव्हा मी पुन्हा ॲनिमोनचा विषय काढला.

मग कोणतं?

पहिलं ॲनिमोन म्हणून माझं उत्तर बबल टिप. शास्त्रीय नाव एंटाक्मिया क्वाड्रिकलर. शुंडकांच्या टोकाला फुगा येतो म्हणून हे नाव, पण प्रत्येकाला फुगा येतोच असं नाही आणि नसला म्हणजे ते आजारी असतं असंही नाही. ते खडकाच्या फटीत पाय रोवतं, फूटभरापर्यंत वाढतं आणि दीडशे लिटरच्या टाकीत मावतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते स्वतःचे दोन भाग करून वाढतं. त्यामुळे समुद्रातून न काढलेलं, टाकीतच जन्मलेलं बबल टिप मिळू शकतं. शंभर लिटरच्या आतली टाकी असेल तर मात्र थांबा. तेवढ्या पाण्यात चूक सावरायला वेळ मिळत नाही.

बाकीची दुकानात दिसतात, मोहही पाडतात. गालिचा ॲनिमोन जबर डंखाचं असतं. ते मासे खातं आणि त्याचा विस्तार छोट्या टाकीच्या तळाएवढा होतो. मॅग्निफिका रूपानं राजस, पण समुद्रात ते मीटरभर रुंद होतं, खडकाच्या माथ्यावर प्रखर उजेडात आणि जोरदार प्रवाहात राहतं. टाकीत ते जगवणं मुरलेल्यांनाही अवघड जातं. लांब शुंडकांचं मॅक्रोडॅक्टिला वाळूत खोल पाय रोवतं, त्याला वाळूचा जाड थर लागतो. कॅरिबियन समुद्रातलं काँडिलॅक्टिस स्वस्त असतं, पण ते टाकीभर भटकतं आणि आपल्याकडच्या क्लाउनफिशशी त्याचं निसर्गात नातं नाही. कॅरिबियनचंच रॉक फ्लॉवर छोटं आणि शांत. क्लाउनफिश त्यात सहसा शिरत नाहीत, पण नुसतं ॲनिमोन पाळायचं असेल आणि खात्रीचं मिळालं तर ते चांगलं. आणि एक जात न मागता येते, ती एपटेशिया. खडकाबरोबर आलेलं हे बारीक, काचेसारखं ॲनिमोन भराभर पसरतं. दिसताच त्याचा बंदोबस्त करा.

कोणतंही निवडा, पण घेण्याआधी समोर उभं राहून पाच गोष्टी बघा. तोंड मिटलेलं आहे ना? सैल, उघडं, आतलं बाहेर आलेलं तोंड हे मरणाचं लक्षण. पाय अखंड आहे ना? काचेवरून ओरबाडून काढताना पाय फाटला तर ते सहसा वाचत नाही. शुंडक स्पर्शाला चिकटतात ना? रंग तपकिरी, हिरवा, तांबूस, जिवंत वाटतो ना? पांढरं घेऊ नका आणि भडक पिवळं किंवा गुलाबी अगदी एकसारखं रंगलेलंही घेऊ नका, ते रंगात बुडवलेलं असू शकतं. पाचवी गोष्ट विचारायची. किती दिवसांपासून इथे आहे, काय खातं? दोन आठवडे एका जागी राहून खात असेल तरच पैसे काढा.

आणि निमो. निमो नावाच्या क्लाउनफिशचा 2003 मधला सिनेमा आल्यापासून मुलं क्लाउनफिशला निमोच म्हणतात आणि पालकांना वाटतं, ॲनिमोन नसेल तर तो दुःखी होईल. तसं नाही. समुद्रात क्लाउनफिशला भक्षकांपासून ॲनिमोनचा आसरा लागतो, टाकीत भक्षकच नसतो. ॲनिमोनशिवाय तो वर्षानुवर्षं छान जगतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं मंडपम आणि विळिंजमला क्लाउनफिशची पैदास जमवली. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठाननं ती हाती घेतली. पैदाशीचा मासा घ्या आणि त्याच्यासाठी ॲनिमोन आणायची घाई करू नका.

खडकासकट आणलेलं

माझं बबल टिप निगडी प्राधिकरणातल्या एका काकांच्या टाकीतून आलं. त्यांच्याकडचं दुभागलं होतं. काकांनी ते ओढून काढलं नाही, ज्या मुठीएवढ्या खडकावर ते बसलं होतं तो खडकच दिला. "पायाला हात लावायचा नाही," एवढं एकच बजावलं. डब्यात त्यांचंच पाणी, भोवती थर्माकोल, मांडीवर डबा, निगडीहून चिंचवडपर्यंत रिक्षा. घरी तासभर थेंबाथेंबानं माझं पाणी त्यात मिसळलं. प्रवाहपंपांना आधीच स्पंजची जाळी बांधली होती. हे विसरू नका, पंपात ओढलं गेलेलं ॲनिमोन चिंध्या होऊन टाकीभर पसरतं. दिवा तीस टक्क्यांवर आणून पुढच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवला.

पहिल्या रात्री ते खडक सोडून निघालं. पायाची एक कड सैल व्हायची, पुढे सरकायची, घट्ट धरायची, मग मागची कड सुटायची. सकाळपर्यंत वीतभर अंतर कापून ते डावीकडच्या फटीत शिरलं, जिथे उजेड मध्यम होता आणि प्रवाह हलका. मी ज्या जागेसाठी खडक रचला होता ती त्यानं नापसंत केली. मी हात घातला नाही. ॲनिमोन आपली जागा आपण शोधतं, त्याला उचलून पुन्हा पुन्हा "योग्य" जागी ठेवलं तर ते थकतं. तेव्हापासून ते त्या फटीतच आहे.

आठवड्यातून एकदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा देते. मीठ-हळद न लावलेली कच्ची कोळंबी, साध्या पाण्यात धुतलेली. चिमट्यानं तुकडा शुंडकाला टेकवला की दोन-चार शुंडक वळतात, मग त्या बाजूची सगळी चकती मुठीसारखी मिटते आणि तुकडा तोंडाकडे सरकतो. दोन दिवसांनी तपकिरी गुठळी बाहेर येते आणि शरीर काही तास सुरकुतून बसतं. नवखे तेव्हा घाबरतात. ते फक्त जुनं पाणी टाकून नवं भरत असतं. सुरकुतलेलं ॲनिमोन एका दिवसात पुन्हा फुललं तर काळजी नको. तोंड उघडं पडलं, वास आला, बोटाला धागे लागले तर मात्र क्षणभरही न थांबता बाहेर काढा. तो उशीर मी एकदा केला होता.

2020 च्या एप्रिलमध्ये कारखाने बंद होते. मी दिवसभर घरी होते म्हणून ते पाहता आलं. दुपारी ॲनिमोन लांबट ताणलं गेलं, पायाचे दोन कोपरे दोन दिशांना ओढू लागले. संध्याकाळी मधला भाग कंबरेसारखा बारीक झाला. रात्री अकराला तो शेवटचा पट्टा तुटला आणि फटीत दोन ॲनिमोन होती, दोघांच्याही एका कुशीला उघडी जखम. आई माझ्या शेजारी बसून बघत होती. चार-पाच दिवसांत जखमा मिटल्या, दोघांना आपापलं तोंड झालं. पुढे टाळेबंदी उठल्यावर त्यातलं एक आकुर्डीतल्या एका मुलाकडे गेलं, खडकासकट. देण्याआधी मी त्याची सहा महिन्यांची वही पाहिली होती.

एडिंबरोची आजी

हा प्राणी किती काळ सोबत करू शकतो, हे सांगायला एक जुनी नोंद पुरेशी आहे. सर जॉन डाल्येल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकानं 1828 मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक छोटं तांबडं ॲनिमोन एडिंबरोतल्या घरी आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. डाल्येल 1851 मध्ये वारले. ॲनिमोन पुढच्या अभ्यासकांकडे गेलं, लोक त्याला "आजी" म्हणू लागले आणि ते 1887 पर्यंत जगलं. एकोणसाठ वर्षं. ती थंड पाण्यातली, शेवाळावर न जगणारी जात, त्यामुळे तिला दिवा लागत नव्हता, चिलर नव्हता. तिला मिळालं ते एवढंच, की माणसं बदलली तरी कोणीतरी न चुकता ताजं समुद्राचं पाणी बदलत राहिलं आणि शिंपल्याचा तुकडा देत राहिलं.

म्हणून हे पहिलं ॲनिमोन घेताना स्वतःला विचारा, पुढची दहा वर्षं मी रोज सकाळी दोन मिनिटं देईन का? गावी गेलो तर कोण बघेल? उत्तर नसेल तर समुद्राकडे जा. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या डबक्यांत ॲनिमोन दिसतात. 2017 पासून "मरीन लाइफ ऑफ मुंबई"चे अभ्यासक सामान्य लोकांना तिथे फिरवून हे जग दाखवत आले आहेत. गुजरातच्या कच्छच्या आखातात नराऱ्याला ओहोटीत चालत जाऊन गालिचा ॲनिमोन बघता येतं. बघा आणि तिथेच राहू द्या. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ते काढणं, विकणं हा गुन्हा आहे. प्रवाळभित्तीतून तोडलेला खडकही घेऊ नका. माझ्या टाकीतला सगळा खडक सिरॅमिकचा आहे आणि ॲनिमोनला त्यात काही कमी वाटलेलं नाही.

तुमच्या घरी ज्या दिवशी टाकी येईल त्याच दिवशी एक वही आणा. रोज तापमान आणि खारटपणा लिहा. सहा महिने झाले, रेघ सपाट राहिली आणि जवळपास कुणाचं बबल टिप दुभागलं असेल, तर त्याच्याकडे जाऊन खडकासकट मागा. तोवर टाकीत नुसते मासे राहू द्या.